आजच्या दिवसाची भाकरी

आज नाताळ. वसईच्या वाड्यांतून आणि गोव्याच्या अंगणांतून गव्हाणीचे देखावे सजले असतील, दारादारांवर कागदी तारे लागले असतील, आणि शेजारधर्म सांभाळणाऱ्या कितीतरी हिंदू घरांत नेवऱ्या-दोदोलांचे ताट रुमालाखाली झाकून येऊन पोहोचले असेल. दिवाळीच्या फराळाची ती परतफेड असते, आणि ती घेताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. सणाच्या दिवशी सर्वच धर्म गोड असतात. आम्हांस कुतूहल असते ते सण सरल्यानंतरच्या दिवसांचे. ज्या श्रद्धेचा हा उत्सव, ती श्रद्धा वर्षाच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत माणसास कशी जगवते?

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तीत भाकरी मागितली आहे; पण ती एकाच दिवसाची. गिरिप्रवचनात तर आकाशातील पाखरांकडे पाहा आणि उद्याची चिंता उद्यावर सोपवा, असा स्पष्ट उपदेश आहे. वैशाखात वर्षाचे धान्य भरणाऱ्या, डाळी उन्हात घालून डबे सीलबंद करणाऱ्या आमच्यासारख्या संसारी माणसांस हा उपदेश ऐकावयास मधुर आणि आचरणास अशक्य वाटतो. उद्याची तजवीज केली नाही तर मुलाबाळांनी खावे काय? हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच, ज्या बाईंच्या घरी दोन-चार नव्हे तर दोन हजारांच्या आसपास मुलीबाळी जेवावयास होत्या आणि तरीही ज्यांनी हा उपदेश अक्षरशः पाळावयाचे ठरविले, त्या पंडिता रमाबाईंचे स्मरण आजच्या दिवशी आम्हांस उचित वाटते. त्या आपल्याच भाषेच्या, आपल्याच पुराणांवर वाढलेल्या. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते, तेथे त्यांची कर्मभूमी आजही आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव, मोठे विद्वान. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून शास्त्रीबोवांच्या मनाने घेतले की आपल्या पत्नीसही देववाणी शिकवावी. पंडितांच्या सभेत त्यांस याबद्दल जाब द्यावा लागला, तरी त्यांनी हेका सोडला नाही. पत्नी लक्ष्मीबाई शिकल्या, आणि पुढे त्यांनीच पहाटेच्या वेळी कन्येकडून पाठ करून घेतले. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंस भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत होते असे सांगतात.

अरण्यातील आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंस अन्न घालता घालता शास्त्रीबोवा कर्जबाजारी झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तेव्हा रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटीत घालून हमालाच्या डोक्यावरून त्यांस डोंगराखाली उतरविण्यात आले. पुढली सोळा वर्षे देवळांच्या ओवऱ्यांतून पुराण सांगावे, श्रोत्यांनी जे ठेवले त्यात निर्वाह करावा, उरेल ते दानधर्मात द्यावे, असा क्रम चालला. याचना करावयाची नाही आणि संचय करावयाचा नाही. आपल्याकडे यालाच अयाचित वृत्ती म्हणतात.

मग दुष्काळ आला. १८७४ साली अन्नान्न करीत वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि काही दिवसांनी थोरली बहीण. आईच्या अंत्ययात्रेस खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्याने त्यांस आईची तिरडी खांद्यावर पेलता येईना, म्हणून ती डोक्यावर घेऊन त्या तीन मैल स्मशानापर्यंत चालल्या. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेविला आहे. पुढे बहीणभाऊ चार हजार मैलांहून अधिक पायी फिरले. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री निवारा नव्हता, तेव्हा वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत अंगावर वाळू ओढून ती दोघे निजली.

१८७८ मध्ये कलकत्त्यास विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, १८८० मध्ये भाऊ वारला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा ही दहा महिन्यांची मुलगी. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांस वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. हा सर्व इतिहास वाचकांस ठाऊक आहे. त्यात अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावयाचे ते वाँटेज येथील मठात. तेथील भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले घर रमाबाईंस दाखविले. कुलीन घरच्या बायका त्या स्त्रियांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांस नावे न ठेवता शिकवीत होत्या. रमाबाईंनी सरळ विचारले, की ह्यांच्याविषयी तुम्हांस एवढी माया का? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला: विहिरीवर पाणी भरावयास आलेली, पाच नवरे झालेली शोमरोनी स्त्री, आणि तिच्याकडे प्यावयास पाणी मागून तिच्याशी धर्माच्या गूढ गोष्टी बोलणारा येशू. तत्त्वज्ञानाने जे झाले नाही ते ह्या कथेने झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आमच्या वाचकांच्या मनात कान्होपात्रेचे नाव आल्यावाचून राहणार नाही. मंगळवेढ्याच्या नायकिणीच्या त्या लेकीस पांडुरंगाने आपल्या पायांशी जागा दिली. तिची समाधी पंढरीच्या देवळातच आहे. मग करुणा शोधावयास समुद्रापलीकडे जाण्याचे काय प्रयोजन? प्रश्न रास्त आहे. परंतु देवळात कान्होपात्रेपुढे हात जोडणाऱ्यांपैकी कितीजणांस तिच्यासारखीसाठी घर बांधावे असे सुचले, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे, आणि तो आम्ही स्वतःसही विचारतो.

रमाबाईंनी धर्म पालटला, पण पोशाख व अन्न पालटले नाही. मांसाशन त्यांनी कधी केले नाही. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, मला माझी संस्कृत अक्षरे हवीत, म्हणून त्या मठातील वडीलधाऱ्या भगिनीशी वाद घालीत. गुरूचे सर्वच म्हणणे निमूट मान्य करण्याची सवय त्यांस घरीच नव्हती, ती मठात कोठून लागणार?

अमेरिकेत त्यांच्या कार्यासाठी एक संघ निघाला व त्याने दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि हिंगण्याच्या कार्याशी त्या धाग्याचा संबंध आहे. परंतु त्याच १८९३ मध्ये सदनावर मोठे वादळ आले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांची मने ख्रिस्ती धर्माकडे वळविली जातात, असा आरोप झाला; 'केसरी'ने कठोर टीका केली; रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. नाताळच्या पानावर ही कटू हकीकत वगळून गोडवे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे वचन घेऊन ज्यांनी लेकी-सुना पाठविल्या त्यांची तक्रार पोकळ नव्हती. आणि माझ्या खोलीचे दार उघडे असताना मी प्रार्थना करू नये काय, हे रमाबाईंचे म्हणणेही पोकळ नव्हते. हा वाद शंभर वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही. मात्र त्या वेळी सोडून दिलेल्या, कोणाच्याच नसलेल्या बालविधवांस कोण जेवू घालणार, याचे उत्तर वादात भाग घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांपाशी होते.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमार काय असते हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. बावीस वर्षांपूर्वीचे आपलेच घर त्यांस तेथे रस्तोरस्ती दिसले असेल. सुमारे तीनशे मुली घेऊन त्या परतल्या, तो पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा केडगावजवळ घेतलेल्या माळावर तंबू ठोकून त्यांनी बिऱ्हाड मांडले. तेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी शेकडो मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

मध्यंतरी, १८९८ मध्ये, अमेरिकन संघाच्या वचनाची दहा वर्षे संपली. संघाची पुनर्रचना झाली व शारदासदनास काही मदत चालू राहिली. पण केडगावचा हा अफाट प्रपंच कोणत्याही ठरीव उत्पन्नावर उभा नव्हता. इंग्लंडात जॉर्ज म्यूलर यांनी कोणापाशी न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले वाढविली, हे रमाबाईंनी वाचले होते. आपणही तसेच करावे असे त्यांनी ठरविले. आज जे आले ते आज खर्चावे, आणि उद्यासाठी उद्या प्रार्थना करावी.

इतिहासकार येथे म्यूलरचे नाव लिहून पुढे जातात. आमचा तर्क थोडा निराळा आहे. देवळाच्या ओवरीत पोथी सोडून बसलेले, समोर कोणी काय ठेवले याकडे न पाहणारे अनंतशास्त्री या निर्णयामागे आम्हांस दिसतात. देव बदलला, त्याच्यावर भार टाकण्याची रीत वडिलांचीच राहिली. फरक एवढाच, की वडिलांच्या अयाचित वृत्तीने घरच्यांस उपाशी मरताना पाहिले होते, आणि हे पाहूनही कन्येने तीच वाट धरली. हिला श्रद्धा म्हणावे की साहस, हे ज्याने त्याने ठरवावे.

पण प्रार्थना करून हात जोडून बसण्याचा हा संप्रदाय नव्हे. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, मळे लागले, गाई आल्या. मुली हातमागावर कापड विणू लागल्या, शिवण शिकल्या, तेलाची घाणी चालवू लागल्या. अंध मुली ब्रेल लिपीत वाचू लागल्या आणि वेताच्या टोपल्या विणून स्वतःच्या भाकरीस हातभार लावू लागल्या. ज्यांस समाज पतिता म्हणतो त्यांच्यासाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले घर असे पुणे जिल्ह्यात उभे राहिले. घंटेवर उठावे, प्रार्थना करावी, दळण-कांडण, शाळा, शेत, पुन्हा प्रार्थना. दुष्काळातून आलेल्या मुली आजारी असत, चिडखोर असत, अन्न लपवून ठेवीत. उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास बसावयास महिने लागत. त्यांस उद्याची खात्री पटविण्याचा मार्ग एकच होता: प्रत्येक उजाडत्या दिवशी ताटात काहीतरी पडावयास हवे होते. मुक्तीत जो येशू शिकविला जाई तो त्या मुलींस प्रथम भाकरीच्या रूपाने भेटला असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरास वाहिली. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा त्या उतारवयात शिकल्या. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, शेतात खपणाऱ्या बाईस ते कळत नाही, ही त्यांची तक्रार. ज्या बाईच्या जिभेवर सबंध भागवत नाचत होते, तिने एकेक संस्कृत शब्द वेचून बाजूस काढावा आणि त्याजागी जात्यावरचा शब्द बसवावा, ही आमच्या मते तिच्या आयुष्यातील सर्वांत अवघड तपश्चर्या. भाषांतर सर्वत्र रसाळ उतरले आहे असे नाही. काही ठिकाणी ते ओबडधोबड वाटते. पण ज्यांच्यासाठी ते होते त्यांनीच ते छापले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली मोठ्या झाल्या होत्या. त्यांनीच केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविले, यंत्रे चालविली, पाने शिवली. नवा करार १९१३ मध्ये बाहेर पडला.

जुन्या कराराचे काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईमागून संस्था त्यांनी सांभाळावयाची होती. रमाबाईंनी दुसरी व्यवस्था लावून दिली आणि पुन्हा मुद्रितांपुढे बसल्या. काम संपत आले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे त्यांनी देह ठेविला. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली निघाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

केडगावची संस्था आजही चालू आहे. आजच्या रात्री तेथे दिवे लागतील, मराठीत गाणी होतील, आणि लेकी-बाळींच्या पंगती बसतील. उद्या सकाळी पुन्हा घंटा होईल आणि चुली पेटतील.