ब्लॅकफेस म्हणजे काय? ऑस्ट्रेलियातल्या स्किटवरून एवढा वाद का झाला?

७ ऑक्टोबर २००९. ऑस्ट्रेलियाच्या चॅनल नाइनवरच्या ‘हे हे इट्स सॅटरडे’ या कार्यक्रमात काही जण तोंडाला काळा रंग फासून ‘जॅक्सन फाइव्ह’ची नक्कल करत नाचले. परीक्षक होते अमेरिकी गायक हॅरी कॉनिक ज्युनियर. त्यांनी थेट शून्य गुण दिले. सूत्रसंचालक डॅरिल सॉमर्स यांनी त्याच कार्यक्रमात त्यांची माफी मागितली.

‘गंमतच होती, एवढं काय?’ असं अनेक ऑस्ट्रेलियन म्हणाले. पण १९व्या शतकातल्या अमेरिकी मिन्स्ट्रेल शोमध्ये गोरे कलाकार असाच चेहरा रंगवून कृष्णवर्णीयांना मूर्ख, आळशी दाखवत. ब्लॅकफेस म्हणतात ते हेच. (रंगाशिवाय नक्कल जमली नसती का?)

याच गटाने १९८९मध्ये याच कार्यक्रमात हे स्किट केलं होतं. या वेळी परीक्षकाच्या खुर्चीत न्यू ऑर्लिन्सचा माणूस होता.