सहा मिनिटांचा निकाल

सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात १२ एप्रिल १९२२ रोजी ज्यूरी विचारविनिमयासाठी आत गेली आणि जेमतेम सहा मिनिटांत बाहेर आली. त्या सहा मिनिटांतलाही बराचसा वेळ निकाल ठरवण्यात नव्हे, तर एक निवेदन लिहिण्यात गेला होता. आरोपी निर्दोष आहे एवढं सांगून ज्यूरी थांबली नाही. नुसती सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे, गुन्ह्याशी त्याचा संबंध जोडणारा तसूभरही पुरावा समोर आला नाही, अशा आशयाची ती जवळजवळ लेखी माफी होती. आरोपीचं नाव रॉस्को आर्बकल. पडद्यावर जग त्याला ‘फॅटी’ म्हणून ओळखत होतं. यानंतर सहाच दिवसांनी, १८ एप्रिलला, त्याच्या सगळ्या चित्रपटांवर बंदी आली. ती सरकारने घातली नव्हती. ज्या उद्योगाला त्याने लाखो डॉलर मिळवून दिले होते, त्या उद्योगानेच ती घातली होती.

बस्टर कीटनचे सुरुवातीचे लघुपट पाहताना मी या प्रकरणापाशी पोचले. कीटन पहिल्यांदा पडद्यावर आला तो १९१७च्या ‘द बुचर बॉय’मध्ये. हा लघुपट आर्बकलचा. नायक तोच, दिग्दर्शकही तोच. अगडबंब देहाचा हा माणूस मांजरासारखा हलका उडी मारतो, सुरी हवेत फेकून न बघता झेलतो आणि नवख्या कीटनला हवी तेवढी जागा देतो. कीटनचं नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे, मग याचं कुठे गेलं? हे शोधताना खटल्याची हकिगत वाचली आणि दुसराच प्रश्न मनात घर करून बसला. कोर्टाने सोडलेल्या माणसाला शिक्षा कुणी दिली, आणि नेमकी कशाबद्दल?

१९२१ साली आर्बकल हॉलिवूडमधल्या सर्वांत महागड्या नटांपैकी एक होता. पॅरामाउंटशी असलेल्या करारामुळे वर्षाला सुमारे १० लाख डॉलर त्याला मिळत. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत तो घडला. मेबल नॉरमंड आणि चॅप्लिन यांच्याबरोबर त्याने कामं केली. ‘फॅटी’ हे नाव मात्र त्याला आवडत नसे. पडद्याबाहेर कुणी त्या नावाने हाक मारली, तर मला माझं नाव आहे, असं तो सुनावत असे. पण विकलं जात होतं ते ‘फॅटी’च. गोल चेहऱ्याचा, मोठ्या अंगाचा, मनाने पोरगेला, कुणाचंही वाईट न चिंतणारा असा तो भोळा लठ्ठ मुलगा कंपनीच्या प्रसिद्धी-विभागाने घडवला होता आणि आई-वडील मुलांना घेऊन त्याचे चित्रपट पाहायला जात.

५ सप्टेंबर १९२१ रोजी, कामगार दिनाच्या सुट्टीत, सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात त्याच्या खोल्यांमध्ये पार्टी झाली. अमेरिकेत दारूबंदी लागू होऊन दीड वर्ष उलटलं होतं, तरी पार्टीत दारू होती. पाहुण्यांत व्हर्जिनिया रॅपी ही तिशीतली अभिनेत्री होती. १२१९ क्रमांकाच्या खोलीत ती वेदनांनी तळमळताना सापडली आणि ९ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला. मूत्राशय फुटून पोटात संसर्ग पसरला होता. मॉड डेलमाँट नावाची बाई तिच्याबरोबर पार्टीला आली होती. आर्बकलने व्हर्जिनियावर अत्याचार केला, असा आरोप तिने केला. आर्बकलचं म्हणणं असं, की ती त्याला न्हाणीघरात आजारी अवस्थेत आढळली आणि त्याने तिला उचलून पलंगावर ठेवलं. पोलिसांनी त्याला खुनाच्या आरोपाखाली अटक केली. पुढे तो आरोप सदोष मनुष्यवधापर्यंत खाली आला.

वर्तमानपत्रांना मात्र आरोप खाली आणायची घाई नव्हती. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांची वृत्तपत्रं यात आघाडीवर होती. त्यांच्या ‘एक्झामिनर’ने एक चित्र छापलं. त्यात भलंमोठं जाळं, मधोमध कोळी होऊन बसलेला आर्बकल, जवळ दारूच्या बाटल्या आणि जाळ्यात अडकलेल्या बायका दाखवल्या होत्या. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती त्याच्या शरीराची. ज्या देहाला लोक वर्षानुवर्षं हसले होते, तोच आता पुरावा झाला. इतक्या वजनाखाली त्या बिचारीचं काय झालं असेल, हे वाचकांना सांगावंच लागलं नाही; त्यांनी ते मनात रंगवलं. पुढे याहून किळसवाण्या कंड्या पिकल्या. सरकारी पक्षाने त्या कोर्टात कधी मांडल्या नाहीत, तरी त्या पुस्तकांत शिरल्या आणि आजही लोकांच्या तोंडी आहेत.

लोक इतक्या लवकर का उलटले, याला निव्वळ हर्स्ट यांचा छापखाना हे कारण पुरत नाही. दारूबंदी आणणारी सुधारक मंडळी तेव्हा भरात होती आणि त्यांचा पुढचा रोख सिनेमाकडे होता. न्यूयॉर्क राज्याने १९२१ मध्येच चित्रपटांच्या सेन्सॉरचा कायदा केला होता. ऑगस्ट १९२०मध्ये स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला होता; सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्त्रियांची एक दक्षता समिती खटल्याला हजेरी लावत होती. स्त्रीवर अत्याचार झाला तर पैसेवाला सुटता कामा नये, ही त्यांची मागणी मला आजही रास्त वाटते. त्यातच पगाराच्या आकड्यांनी लोकांच्या पोटात आधीच दुखत होतं. या सगळ्या रागाला एक चेहरा हवा होता आणि ओळखीचा, गोल, हसरा चेहरा आयता हाती लागला.

खटले एकूण तीन झाले. पहिल्यात बारापैकी दहा ज्यूरर सुटकेच्या बाजूचे होते. एकमत हवं असल्याने निकालच लागला नाही. दुसऱ्या खटल्यात बचावाचे वकील इतके निर्धास्त होते की त्यांनी आर्बकलला साक्षीला उभंच केलं नाही आणि समारोपाचं भाषणही केलं नाही. याचा अर्थ त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असा घेतला गेला. या वेळी दहा मतं दोषी ठरवण्याकडे पडली. पण याच खटल्यात फिर्यादीच्या एका साक्षीदार तरुणीने, आपल्यावर सरकारी वकिलाने दबाव आणला होता, असं सांगितलं. जिच्या आरोपावर प्रकरण उभं राहिलं, त्या डेलमाँटला तर सरकारी पक्षाने तिन्ही खटल्यांत एकदाही साक्षीच्या पिंजऱ्यात आणलं नाही. सरकारी वकील मॅथ्यू ब्रेडी निवडून आलेले होते आणि राजकारणात त्यांना पुढे जायचं होतं. उलटतपासणीत ती बाई टिकणार नाही, हे त्यांना कळत असणार. वर्तमानपत्रांत मात्र तिची उलटतपासणी घेणारं कुणी नव्हतं.

कोर्टात हे चाललेलं असताना उद्योग गप्प बसला नव्हता. अटकेनंतर काही दिवसांतच चित्रपटगृहांनी त्याचे चित्रपट उतरवले आणि पॅरामाउंटने तयार चित्रपट कपाटात टाकले. सप्टेंबर १९२१ मध्येच, म्हणजे पहिला खटलाही सुरू झाला नव्हता तेव्हा, युनिव्हर्सल कंपनीने नटनट्यांच्या करारात एक नवं कलम घातलं. त्याला पुढे नैतिकतेचं कलम म्हणू लागले. त्याचा आशय असा, की कलाकाराने समाजात स्वतःची नाचक्की होईल, लोकांचा द्वेष, तिरस्कार किंवा हेटाळणी ओढवेल असं वागलं तर कंपनी करार मोडू शकते. हे कलम वाचल्यावर मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. त्यात गुन्हा सिद्ध होण्याची अट नाही. लोकांना किळस आली, की काम झालं. कोर्ट पुरावा तोलतं आणि कंपनी तिकिटं मोजते.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे विल हेज. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या मंत्रिमंडळातले पोस्टमास्तर-जनरल असलेले हेज १९२२ मध्ये निर्मात्यांच्या नव्या संघटनेचे प्रमुख झाले. चर्चमधली प्रतिष्ठा आणि वॉशिंग्टनमधल्या ओळखी, दोन्ही त्यांच्याकडे होत्या. सरकारी सेन्सॉर टाळायचा, तर आम्ही आमचं घर स्वतः झाडतो, असं दाखवणं भाग होतं. आर्बकलवरची बंदी हे त्या केरसुणीचं पहिलं प्रदर्शन होतं. डिसेंबर १९२२ मध्ये हेज यांनी ती मागे घेतली, पण तोवर तिचं काम झालं होतं. बंदी उठताच निषेधाचा गदारोळ झाला आणि कुठल्याच बड्या कंपनीने त्याला पडद्यावर आणण्याचं धाडस केलं नाही. कायद्याने त्याच्यावर एकच गुन्हा लागू झाला होता, तो म्हणजे बेकायदा दारू बाळगल्याचा, आणि त्याचा दंड होता ५०० डॉलर.

इथवरची कथा अनेकांनी सांगितली आहे आणि बहुतेक वेळा ती ‘निष्पाप विदूषकाचा बळी’ या वळणावर संपते. मला ती तिथे संपवता येत नाही, कारण या गोष्टीत मेलेली व्यक्ती दुसरीच आहे. वर्तमानपत्रांनी व्हर्जिनिया रॅपीला आधी कोवळी, निरागस पोर करून टाकलं, कारण कोळ्याच्या जाळ्यात तशीच माशी शोभते. तिसऱ्या खटल्यात बचावाने नेमकं उलटं केलं. तिचं पिणं, तिचे संबंध, तिची जुनी दुखणी, सगळं चव्हाट्यावर आणलं. वकील म्हणून गॅव्हिन मॅकनॅब यांनी ते करणं समजण्यासारखं आहे. त्यांना शंका निर्माण करायची होती आणि मूत्राशयाचा जुना विकार हा मुद्दा सुसंबद्धही होता. पण नंतर आर्बकलची बाजू घेणाऱ्यांपैकीही अनेकांनी हेच कोर्टातलं चित्र जसंच्या तसं उचललं. त्याची प्रतिमा धुण्यासाठी वापरलेलं गढूळ पाणी तिच्या अंगावर पडलं. स्वतः कमावणारी, मॉडेल म्हणून नाव मिळवलेली, कपड्यांची रचना करणारी ती स्त्री या दोन्ही चित्रांत कुठेच नाही.

मराठी वाचकाला इथे आपल्याकडचा नानावटी खटला आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यात हेच यंत्र उलट्या दिशेने फिरलं. एप्रिल १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने पांढऱ्या गणवेशातला शूर, सभ्य, फसवला गेलेला पती उभा केला. लोकांनी तो उचलून धरला, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. तरीही १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. आर्बकलला कोर्टाने सोडलं, लोकांनी सोडलं नाही. नानावटींना कोर्टाने धरलं, लोकांनी धरू दिलं नाही. एक साम्य मात्र ठळक आहे. आहुजाही मेल्यावर केवळ ‘लंपट’ म्हणून उरला. मेलेल्या माणसाला प्रसिद्धी-विभाग नसतो.

म्हणून जनमताला सरसकट झुंडीचा वेडेपणा म्हणून निकालात काढायला मी तयार नाही. पैशापुढे आणि वलयापुढे न्याय वाकतो, हा लोकांचा अनुभव खोटा नव्हे. कित्येक प्रकरणांत लोकांच्या रेट्यामुळेच फाईल हलते. पण तारांकित माणसाबद्दल आपल्याला जे ‘माहीत’ असतं, ते मुळात कुणीतरी विकण्यासाठी घडवलेलं असतं. ‘फॅटी’ला ओळखतो असं वाटणाऱ्या लोकांनी रॉस्कोला कधीच पाहिलं नव्हतं. म्हणून आरोप झाल्यावर त्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं, आणि त्या फसवणुकीचा राग खटल्यातल्या पुराव्याहून मोठा ठरला. तो निष्पाप असल्याचं प्रेम आणि तो राक्षस असल्याची खात्री, दोन्ही एकाच दुकानातून आलेली होती.

आर्बकल पुढे काम करत राहिला, पण नाव लपवून. वकिलांच्या फीपायी घर आणि गाड्या गेल्या. कीटनसारख्या मित्रांनी आधार दिला. ‘विल्यम गुडरिच’ या नावाने तो चित्रपट दिग्दर्शित करू लागला. त्यातला एक १९२७चा ‘द रेड मिल’. त्याची नायिका होती मेरियन डेव्हिस, हर्स्ट यांची सहचरी, आणि चित्रपटही त्यांच्याच चित्रसंस्थेचा. ज्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याचं नाव जाळलं, त्यांनाच ते नाव पडद्यावर नसलं तर त्याची कारागिरी चालत होती. १९३२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याला स्वतःच्या नावाने लघुपट दिले आणि लोक पुन्हा हसले. २९ जून १९३३च्या रात्री झोपेतच त्याचं हृदय थांबलं. तो ४६ वर्षांचा होता.

१२१९ क्रमांकाच्या खोलीत त्या दुपारी नेमकं काय घडलं, हे जाणणारी दोनच माणसं होती. त्यांतल्या एकाने आपलं म्हणणं शपथेवर सांगितलं आणि बारा जणांनी ते मान्य केलं. दुसरीला सांगता आलं नाही. तिच्या वतीने मात्र गेली शंभर वर्षं सगळेच बोलत आहेत.