वेणीतलं टोकियो

हिंदी चित्रपटसंगीताचा आढावा घेणारे लेख १९६६ पाशी आले की ‘तीसरी कसम’समोर हात जोडतात आणि पुढे निघतात. त्याच वर्षी त्याच शंकर-जयकिशन यांनी, त्याच शैलेंद्र आणि हसरत जयपुरी यांना घेऊन ‘लव्ह इन टोकियो’ही केला होता. त्याचं नाव निघालंच तर ‘उतरणीचा काळ’ असा शेरा मारून विषय संपवला जातो. प्रस्तुत लेखकाला हा अन्याय फार वर्षांपासून खुपतो आहे. एकाच वर्षात ‘आम्रपाली’, ‘सूरज’, ‘तीसरी कसम’ आणि ‘लव्ह इन टोकियो’ देणारी जोडी उतरणीला लागली होती असं म्हणायचं असेल, तर चढण कशाला म्हणायचं तेही या मंडळींनी एकदा सांगून टाकावं.

कथेत फार शिरण्याचं कारण नाही. दिग्दर्शक प्रमोद चक्रवर्तींचा नायक जॉय मुखर्जी पुतण्याला आणायला जपानला जातो, तिथे त्याला आशा पारेख भेटते, मेहमूद वेशांतरं करतो, शेवट गोड होतो. महत्त्वाचं आहे ते पडद्यावरचं शहर. १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी टोकियो नव्यानं उभं राहिलं होतं आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला जपानची अतिवेगवान रेल्वे सुरू झाली होती. इकडे ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४.७६ रुपयांवरून साडेसातवर गेला आणि परदेशी चलन सामान्य माणसाच्या स्वप्नातूनही हद्दपार झालं. नागपूर-इटारसी मार्गावर पांढुर्ण्याजवळचं स्टेशन तिगाव. तिथल्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलीला मुंबईच लांब होती, तिथे टोकियोची काय कथा!

आणि तरीही टोकियो तिच्या वेणीत आलं. रबराच्या दोन टोकांना दोन रंगीत मणी, एक मणी दुसऱ्यावरून ओढून अडकवला की केस बांधले गेले. या वस्तूला सगळ्या देशानं चित्रपटाचंच नाव दिलं. बांगड्यांच्या दुकानात जाऊन मुली ‘लव्ह इन टोकियो द्या’ असंच म्हणायच्या, आणि दुकानदारही दुसरं काही विचारायचा नाही.

त्या दशकात तरुणांच्या फॅशनला तोटा नव्हता. ‘लव्ह इन शिमला’मुळे १९६० पासून साधना कट आला. ‘वक्त’मध्ये कोल्हापूरच्या भानू अथैय्यांनी साधनाला दिलेला तंग चुडीदार कॉलेजात पोचला. मुलांच्या पॅन्टी इतक्या अरुंद झाल्या की मांडी घालून बसणं मुश्कील. पण कपाळावर बटा कापायच्या तर आधी घरातल्या मोठ्यांची परवानगी लागे आणि चुडीदाराला शिंपी व पैसे दोन्ही लागत. या रबराला यातलं काहीच लागत नव्हतं. भाजीच्या पैशांतून उरलेल्या चिल्लरीत ते येई आणि वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांवरही येत नसे. या चित्रपटातलं लताबाईंचं ‘सायोनारा’ ज्या मुलीला आवडत होतं, तिला ते न बोलता, चारचौघांत, डोक्यावर मिरवता येत होतं. ज्या पांढुर्ण्यात प्रेमिकांच्या पळून जाण्याच्या दंतकथेवरून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार, म्हणजे दगडफेक, होते, तिथे ही मोकळीक लहान नव्हती.

पांढुर्ण्याच्या भागातल्या प्रेक्षकाचा नकाशाही निराळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा ज्यात होतं तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पण चित्रपटांच्या वितरण व्यवसायानं हा निर्णय कधी मनावर घेतलाच नाही. त्यांच्या वहीत ‘सी.पी.-बेरार’ (मध्य प्रांत-वऱ्हाड) हा विभाग कायम राहिला. घरात मराठी, शाळा-कचेरीत हिंदी आणि नजर नागपूरकडे अशा पांढुर्णा-सौसरच्या तरुणांचं या गाण्यांवर दोन्ही भाषांतून प्रेम जडलं. याच काळात इंदूरचे अरुण दाते ‘शुक्रतारा’ गाऊन मराठी घरांत पोचले होते. भावगीतांविषयी सगळ्यांनी भरपूर लिहून ठेवलं आहे, तेव्हा इथे त्यांना नमस्कार पुरे.

लिहिलं गेलं नाही ते गोव्याच्या माणसांविषयी. शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचं रूप देणारे सॅबेस्टियन डिसूझा गोव्याचे. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून मुंबईत आलेल्या गोमंतकीय वादकांच्या परंपरेतले ते मोठं नाव. गायिका ओळ गात असताना व्हायोलिनचा जथा तिच्या मागे दुसरीच चाल वाजवतो, तिला झाकत नाही आणि एकटीही सोडत नाही, ही किमया त्यांची. तालाची बाजू दत्ताराम वाडकरांकडे, तेही गोव्याचेच. त्यांचा ढोलकचा ठेका वादकांमध्ये ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. ‘सायोनारा’ ऐकताना किमोनोतल्या आशा पारेखवरून नजर काढावी, डोळे मिटावेत आणि फक्त लताबाईंच्या मागे चाललेलं वाद्यकाम ऐकावं. पांढुर्ण्यानं ऐकलेलं जपान मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षात घडलं होतं, आणि त्याच्या घडणीत कोकणपट्टीचे हात होते. ‘परदेशी नक्कल’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे कधी ध्यानात घेतलं नाही.

खुद्द जपानी तरुणाई तेव्हा काय ऐकत होती? १९५८ पासून तिथे रॉकबिलीची लाट होती आणि त्याच लाटेतून क्यू साकामोतो हा पोरसवदा गायक वर आला. त्याचं १९६१ चं गाणं अमेरिकेत ‘सुकियाकी’ या नावानं विकलं गेलं आणि जून १९६३ मध्ये तिथल्या यादीत पहिलं आलं. त्याचा मुखडा भूपाच्या पाच सुरांत आहे, म्हणून मराठी कानाला तो पहिल्या फटक्यात आपला वाटतो. ऑलिम्पिकच्या तोंडावर, सप्टेंबर १९६४ मध्ये, टोकियोच्या गिंझा भागात विशिष्ट कपडे घालून रेंगाळणाऱ्या तरुणांची पोलिसांनी धरपकड केली होती. तरुणांच्या कपड्यांचा राग मोठ्यांना सगळीकडे सारखाच येतो.

पुढे तीस वर्षांनी टोकियोतल्या शिबुयाच्या रस्त्यांवर गाणं अंगावर मिरवण्याचा हाच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. ओकिनावाची नामिए आमुरो गाऊ लागली आणि १९९६ मध्ये मुलींनी तिच्यासारखे रंगवलेले केस, कोरलेल्या भुवया, आखूड स्कर्ट आणि उंच बूट घेतले. १९९७ चं तिचं ‘कॅन यू सेलिब्रेट?’ वीस लाखांवर खपलं आणि लग्नाच्या मांडवात जाऊन बसलं. मग स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी आयुमी हमासाकी आली, नंतर विरहाची गाणी गाणारी काना निशिनो आली. या गायिकांच्या झगझगीत नखांच्या चाहत्या मुली रडकी प्रेमगीतं ऐकतात म्हणून तिथल्या जाणत्यांनीही त्यांची खूप चेष्टा केली. आमुरो १६ सप्टेंबर २०१८ ला निवृत्त झाली, तेव्हा चाळिशीच्या आसपासच्या बायका रडत होत्या. ज्या गाण्याला मुलींनी अंगावर घेतलं, ते पंडितांच्या मतावर जगत नाही, हा प्रस्तुत लेखकाचा जुना हट्ट आहे आणि शिबुयानं तो पक्का केला.

आता गाण्याचा अंतरा येईपर्यंत कुणाला दम नाही. मोबाइलवर तीस सेकंदांचा मुखडा वाजतो, त्यावर कपडे बदलतात आणि आठवड्यात दोन्ही जुने होतात. त्यात तरुणांचा दोष थोडा आहे. गाणं मुरायला जो वेळ लागतो तोच बाजारानं काढून घेतला. जुन्या गाण्यांचे संच काढणाऱ्या कंपन्या मात्र अपराधी आहेत. नायक-नायिकांची छायाचित्रं मोठी छापतात, पण वाद्यमेळ कुणी बांधला हे सांगायला त्यांच्याकडे एक ओळ नसते. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. तिथल्या बाजारात ते दोन मण्यांचं रबर आजही मागितलं तर मिळेल. सॅबेस्टियन आणि दत्ताराम यांची नावं मात्र रसिकांच्या मैफलीतसुद्धा सांगावी लागतात. यापुढे जो कोणी १९६६ वर लिहील, त्यानं ‘तीसरी कसम’च्या आधी ही दोन नावं लिहावीत.