ओटा अपुरा की कोठी लांब?

परवा कुपवाडला आमच्या गल्लीतली वीज गेली आणि चाचणीची अर्धी टाईप केलेली प्रश्नपत्रिका संगणकातून साफ नाहीशी झाली. गेल्या वर्षीची मात्र जशीच्या तशी! मुलगा म्हणाला, "आई, ही अजून रॅममध्येच होती."

मैत्रिणींनो, रॅम म्हणजे आपला ओटा. सगळं हाताशी, म्हणून काम झपाट्यानं. पण वीज गेली की ओटा पुसून लख्ख! कायमची साठवण कोठीत. जुन्या संगणकात ही कोठी म्हणजे फिरती तबकडी, हार्ड डिस्क. नव्यात असते फ्लॅश. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. विजेचा भार बारीक कप्प्यांत कोंडलेला, म्हणून वीज नसतानाही ती विसरत नाही.

हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी एसएसडी पाचशेच्या आसपास, रॅम वीस हजारांच्या घरात. पेनड्राइव्ह फ्लॅशच, पण कित्येकदा वीस-तीसवरच रेंगाळतो. सख्ख्या बहिणी तरी कुठं सारख्या असतात?

आमचा संगणक सुरू व्हायलाच चार मिनिटं घेई. एका दुकानात सांगितलं, "ताई, नवाच घ्या." चाळीस हजार! घरी येऊन कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली. 'टास्क मॅनेजर' उघडला. त्यात आधी मेमरीचा आकडा बघायचा. तो सतत नव्वद टक्क्यांवर असेल तर ओटा अपुरा, रॅम वाढवा. (ओटा भरला की कोठीकडे खेपा वाढतात, म्हणून डिस्कही धावताना दिसते. फसू नका.) आमची मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र शंभरावर अडकलेली. म्हणजे दोष कोठीचा. एसएसडी बसवली, आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. "नवा घ्यायचा होता ना?" हे विचारत होते!

पण फ्लॅशवर आंधळा भरवसा नको. तिच्या कप्प्यांवर ठरावीक वेळाच पुन्हा लिहिता येतं, आणि वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहिलेल्या पेनड्राइव्हमधला भार हळूहळू झिरपून जातो. हरिपूरच्या पेवांत हळद टिकायची, तशी याची खात्री नाही. माझ्या नणंदेनं लेकीच्या बारशाचे फोटो एकाच पेनड्राइव्हवर ठेवले होते. एके दिवशी तो संगणकाला दिसेचना. तेव्हापासून आमच्याकडे फोटोंची एक प्रत एसएसडीवर आणि दुसरी, काढून ठेवलेल्या त्या जुन्या हार्ड डिस्कवर असते.

प्रश्नपत्रिका रात्री पुन्हा टाईप केली. दर पाच ओळींनी कंट्रोल आणि एस दाबत!