वेडेवाकडे दात : उपचार कोणता आणि केव्हा?

लोणावळ्याची चिक्की सर्वत्र प्रसिद्ध आहे; मात्र दातांना तार बसविलेल्या मुलाला दंतवैद्य प्रथम तीच वर्ज्य सांगतात. कडक गूळ-शेंगदाण्यामुळे दातांवर चिकटविलेली ब्रॅकेट निखळतात आणि दवाखान्याची आणखी एक खेप वाढते. मावळात खेपेचा हिशेब महत्त्वाचा आहे. आंदर, नाणे किंवा पवन मावळातील गावातून आधी रेल्वे स्थानक गाठावयाचे आणि मग लोकलने पिंपरी किंवा पुणे. तेथील दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्स म्हणजे दातांची ठेवण सुधारण्याचा विभाग असतो. तारेचा उपचार सर्वसाधारणपणे दीड ते दोन वर्षे चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते. प्रत्येक खेपेला पालकाचा रोज बुडतो, मुलाची शाळा बुडते.

हा कालावधी कमी का होत नाही? दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा सौम्य दाब सतत राहिला की एका बाजूचे हाड विरघळते व दुसऱ्या बाजूस नवे भरते. दात सरकतो तो असा. जोर वाढविला तर दात लवकर सरकत नाही, उलट मुळांना इजा होण्याचा संभव असतो.

खेपा वाचविण्याची खरी संधी प्राथमिक शाळेच्या वयातच असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमची पहिली दाढ येते. बारा-तेराव्या वर्षापर्यंत दुधाचे दात जाऊन कायमचे येतात. दुधाचे दात पडणारच, म्हणून किडले तरी चालतील, हा समज घातक आहे. दुधाची दाढ अकाली काढली गेली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि मागून येणाऱ्या दाताला वाट राहत नाही. अशा वेळी जागा राखणारी लहानशी तारेची पट्टी बसविली तर पुढील मोठा उपचार पुष्कळदा टळतो किंवा सोपा होतो. पाचव्या वर्षानंतरही अंगठा चोखणे, वरचे पुढील दात खालच्या दातांच्या आत बसणे, पटाशीचे दात फार पुढे येणे, या गोष्टी शिक्षकांच्या नजरेस सहज पडतात. पुढे आलेले दात पडझडीत लवकर तुटतात, हेही ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशी मुले त्यांना आवर्जून दाखवावीत.

उपचारांचे प्रकार अनेक आहेत. एक-दोन दात किंचित कललेले असल्यास काढघाल करता येणारी पट्टी पुरते. जबडा वाढत असताना त्याला वळण देणारी उपकरणेही आहेत. दाटी अधिक असल्यास पक्की तार बसवितात व कधी उपदाढा काढाव्या लागतात. धातूची ब्रॅकेट सर्वांत स्वस्त. दातांच्या रंगाची महाग, काम मात्र तेच. पारदर्शक अलाइनर दिवसातून सुमारे बावीस तास लावावे लागतात. ते महाग असतात व प्रत्येक प्रकारच्या दोषाला चालत नाहीत. प्रौढपणीही तार बसविता येते, परंतु जबड्यातच मोठे व्यंग असल्यास शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. केवळ एखादा दात जरासा तिरपा आहे, चावण्यास व स्वच्छतेस अडचण नाही, तर काहीच न करणे हाही योग्य सल्ला ठरू शकतो.

तार असताना घासण्यात हयगय झाली तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग व कीड उरते. तार काढल्यावर दात पूर्वीच्या जागी परतू पाहतात. म्हणून रिटेनर दीर्घकाळ वापरावा लागतो. उपचार सुरू करण्यापूर्वीच रिटेनरचा खर्च आणि त्यासाठीच्या खेपा दंतवैद्यांना विचारून घ्याव्यात.