विश्लेषण : पट्टीचा कयाकपटूही साथीदाराला वाचवताना का बुडाला?

इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशीम) : जोराचा पाऊस झाला की अडाण नदी आणि तिला मिळणारे नाले फुगतात. रपट्यावरून पाणी वाहू लागते, दोन्ही काठांवर माणसे खोळंबतात. कुणी वाहून जाताना दिसले, की गावातला एखादा पट्टीचा पोहणारा सदरा काढून पुढे होतो. त्याच्या हिमतीबद्दल शंका नाही. पण माइक जोन्सची गोष्ट त्याने उडीआधी ऐकलेली बरी.

कोण होता माइक जोन्स?

पेशाने डॉक्टर असलेला हा इंग्लिश तरुण त्या काळातल्या नामवंत कयाकपटूंपैकी एक. 1972 मध्ये तो इथिओपियातल्या निळ्या नाईलमध्ये उतरला. 1976 मध्ये त्याच्या नेतृत्वाखालच्या चमूने एव्हरेस्टच्या पायथ्याकडून येणारी दूध कोसी कयाकने उतरून दाखवली. त्या मोहिमेवरचा माहितीपट जगभर गाजला.

दोन वर्षांनी, 1978 मध्ये, तो काराकोरममधल्या ब्राल्डू नदीवर गेला. बाल्टोरो हिमनदीचे पाणी घेऊन ही नदी पुढे सिंधूच्या खोऱ्यात जाते. तिथे चमूतला एक साथीदार अडचणीत सापडला. त्याला वाचवायला जोन्स गेला आणि स्वतःच बुडाला. तेव्हा तो तिशीतही पोहोचला नव्हता.

इतके कौशल्य असून असे का?

कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, वरून झाकलेली होडी. उलटली तरी आत बसूनच वल्ह्याच्या झटक्याने ती सुलटी करता येते. पण नदीचा हिशेब वेगळा. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा चौपट होतो. शिवाय खडकांवर आपटून फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते. त्यात माणूसही नीट तरंगत नाही आणि वल्ह्यालाही पकड मिळत नाही.

आपल्याकडचा धोका कुठे?

अडाण म्हणजे काही ब्राल्डू नव्हे. पण बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली उलटे गरगरत राहते. वरून ते शांत दिसते, मात्र आत सापडलेल्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढते. जगभरातले बचावपटू फेसाळत्या धबधब्यापेक्षा अशा बुटक्या बंधाऱ्याला जास्त भितात. दुसरा धोका काटेरी झुडपांचा आणि तारेच्या कुंपणाचा. त्यातून पाणी निघून जाते, माणूस अडकतो. तिसरा, वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा. पाय दगडांच्या फटीत अडकला, की मागचे पाणी माणसाला पालथे पाडते. वाहून जाणाऱ्याने उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवावेत, आणि तिरपे हात मारत काठ गाठावा.

मग वाचवायचे कसे?

बचावाच्या प्रशिक्षणात क्रम ठरलेला असतो. आधी काठावरून काठी किंवा बांबू पुढे करायचा. तो पोहोचत नसेल तर दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा ड्रम फेकायचा. त्यानंतर होडी. पाण्यात उडी सगळ्यात शेवटी, तीही जीवरक्षक जाकीट घालून. दोर स्वतःच्या कमरेला बांधून उतरणे ही आपल्याकडची जुनी खोड. दोर ताणला की प्रवाह बांधलेल्यालाच पाण्याखाली दाबतो.

कोलाडला कुंडलिका नदीत वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालते. तिथे राफ्टसोबत कयाकवाला असतो तो याचसाठी. कुणी पडले तर तो पुढे जाऊन गाठतो आणि कयाक धरायला देतो, पण स्वतः होडीतून बाहेर पडत नाही.

इंझोरीसारख्या गावात कयाक कुठून येणार? अकोला-वाशीम भागात शोध-बचावासाठी पिंजरचे संत गाडगेबाबा आपत्कालीन पथक धावून जाते, पण ते पोहोचेपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो. ग्रामपंचायतीत वीस-पंचवीस मीटर तरंगता दोर आणि दोन जाकिटे असली तरी पुष्कळ. पूरकाळात मदतीसाठी 112 किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक लावावा.