कार्ड मागवण्याआधी डबा उघडून बघा

आमच्या लॅबमध्ये मागच्या वर्षी एक नवंकोरं ग्राफिक्स कार्ड चार महिने खोक्यात पडून होतं. आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. कंटिन्जन्सीच्या पैशातून घेतलेलं, त्यामुळे परत करायची सोय नाही. कार्डात काहीच खोट नव्हती. ज्या डेस्कटॉपमध्ये ते बसवायचं होतं, तो आमच्यापैकी कुणी आधी उघडून बघितलाच नव्हता.

लॅबमधले डेस्कटॉप बहुतेक वेळा कंपनीकडून तयार आलेले असतात, ऑफिसच्या कामाच्या हिशेबाने बनवलेले. आमच्या मशीनचा पॉवर सप्लाय होता २४० वॉटचा. कार्ड मागतं १७०, प्रोसेसर ६५. झाले २३५. मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांनी काय उपाशी राहायचं? शिवाय प्रोसेसरवरचे ६५ वॉट म्हणजे काही कमाल मर्यादा नव्हे, जोर लावला की तो त्यापुढेही जातो.

दुसरी अडचण वायरची. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. बाकीची वीज सप्लायमधून वेगळ्या वायरने यावी लागते: ६ पिनची असेल तर ७५, ८ पिनची असेल तर १५० वॉट. आमच्या सप्लायला यातली एकही वायर नव्हती. बाजारात साटाच्या वायरला ८ पिन जोडून देणारे अडॅप्टर मिळतात. ते कृपा करून वापरू नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरता बनवलेला असतो. त्यातून १५० ओढले तर प्लास्टिक वितळू शकतं.

मग सप्लायच बदलू, असं आम्हालाही वाटलं. पण अशा बऱ्याच तयार मशीनमध्ये नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नसतोच, आणि डब्याचा आकारही कंपनीचा स्वतःचा. तेव्हा आधी झाकण काढा, सप्लायवरचं लेबल वाचा, वायरी मोजा, कार्डासाठी किती लांबी-उंची मोकळी आहे ते पट्टीने मोजा. जास्तीची वायर नसेल तर ७० वॉटची कार्डं बघा: आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल, किंवा महाग पण बुटकं ए२०००. (३०५० चं ८ जीबीचंही मॉडेल आहे, ते १३० वॉटचं. नाव तेच, त्यामुळे कोटेशन नीट वाचा.)

आता मेमरी. डीप लर्निंग करणार असाल तर माझ्या मते वेगापेक्षा हीच आधी बघायची. अॅडम वापरून ३२ बिटमध्ये ट्रेनिंग करताना प्रत्येक पॅरामीटरला १६ बाइट लागतात: ४ वेटचे, ४ ग्रेडियंटचे, ८ अॅडमच्या दोन सरासऱ्यांचे. म्हणजे १० कोटी पॅरामीटरला १.६ जीबी, आणि मधल्या थरांचे आकडे त्यावर वेगळे. बॅच वाढली की तेही वाढतात. ३०६० टीआय वेगवान आहे, पण ८ जीबीच. कार्ड हळू असेल तर आपण थांबतो. मेमरी संपली तर रनच पडतो. तुमचा कोड डबल प्रिसिजनचा असेल तर मात्र हिशेब वेगळा, कारण ३० मालिकेतल्या या जीफोर्स कार्डांवर ६४ बिटचा वेग ३२ बिटच्या चौसष्टाव्या भागाइतकाच असतो.

आमचं कार्ड शेवटी शेजारच्या लॅबच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये बसलं. दिवसा ते वापरतात, रात्री आठनंतर आम्ही.